चिठ्ठीवरचे भाषण

परवा आमच्या गल्लीतल्या एका सुनेने निवडणूक लढवली. निवडणूक फार मोठी नव्हे. झेंडे नाहीत, भोंगे नाहीत, जेवणावळी तर नाहीतच. मुलगा ज्या शाळेत जातो त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालकांतून एक प्रतिनिधी निवडायचा होता. एका जागेसाठी दोन नावे आली, तेव्हा हात वर करून कौल घ्यायचे ठरले. त्याआधी दोघींनी दोन दोन शब्द बोलावेत, असे मुख्याध्यापकांनी सुचवले. माझी सून कामावर असल्याने नातीची पालक म्हणून मी त्या सभेला गेले होते. तीस वर्षे शाळेत शिकवले, पण पालकांच्या बाकावर बसण्याची ही माझी पहिलीच वेळ.

ती उठली. पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि वाचू लागली. अक्षर तिच्या नवऱ्याचे होते, हे पुढच्या बाकावरूनही कळत होते. कागद थरथरत होता. सर्वांगीण या शब्दापाशी ती अडखळली, मागे कुणीतरी हसले. मग त्या नवऱ्यानेच उभे राहायला काय हरकत होती, असे कुणीतरी पुटपुटले. चार हात जास्त पडले आणि ती निवडून आली. पण घरी परतताना तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता. ते हसणे तिला लागले होते.

तिला काय सांगावे ते मला लवकर सुचेना. आणि सुचले तेव्हा जे आठवले ते आपल्या नाशिकचेच होते. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी याच गावात सोळा वर्षांची एक मुलगी शाळेच्या समारंभात पाहुणी म्हणून उभी राहिली होती. तिच्याही हातात कागद होता आणि त्यावरचे भाषणही तिच्या नवऱ्यानेच लिहिलेले होते. त्या मुलीचे नाव रमाबाई रानडे.

रमाबाईंचे नाव आता घराघरात ठाऊक आहे. २०१२ साली दूरदर्शन संचावर त्यांच्या आयुष्यावरची मालिका सुरू झाली तेव्हा माझ्या शेजारच्या आजीबाई सायंकाळचा दिवा लावून संचासमोर बसत. पण मालिकेत माणूस पुष्कळदा गोष्टीपुरता उरतो. मला रमाबाई आठवतात त्या वेगळ्या कारणासाठी. शाळा कुणासाठी चालते, ती कुणी चालवायची आणि ते ठरवणाऱ्यांच्या बैठकीत बाईला जागा असावी की नाही, हा प्रश्न त्यांच्या साऱ्या आयुष्याला चिकटलेला होता. त्याची सुरुवात नाशिकला झाली, हे आपण नाशिककर सहसा लक्षात ठेवत नाही.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२चा. सांगली भागातल्या देवराष्ट्रे गावचे हे कुर्लेकरांचे घराणे. घर खातेपीते, पण मुलींना अक्षर शिकवण्याची त्या घरात रीत नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे आपल्या निफाडला जन्मलेले, त्या वेळी एकतीस वर्षांचे, न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर आणि सुधारकांचे पुढारी. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसाने स्वतः मात्र वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले. लोकांनी त्यांना नावे ठेवली, आणि त्यात त्यांची चूक होती असे म्हणता येणार नाही. मोठ्या माणसांच्या आयुष्यातल्या अशा गोष्टी झाकून ठेवण्यात अर्थ नसतो.

रानड्यांनी दुसरी एक गोष्ट मात्र केली. लग्नानंतर लगेच त्यांनी बायकोच्या हाती पाटी दिली. दिवसभर कामाच्या रगाड्यात असलेली ती मुलगी रात्री नवऱ्यापाशी बसून बाराखडी गिरवू लागली. वाचायला येऊ लागले तसा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा राग वाढत गेला. सासू, आत्या आणि इतर नातेवाईक बायका अशा भरल्या घरात एकटी सून शिकते म्हणजे काय! टोमणे, अबोला, कामात मुद्दाम काढलेल्या खोड्या हे सारे रमाबाईंनी सोसले. पुढे इंग्रजी शिकवायला मिस हरफर्ड नावाच्या बाई येऊ लागल्या, तेव्हा तर सोवळ्याओवळ्याचा नवाच जाच सुरू झाला. इंग्रज बाईला शिवून आलेल्या सुनेला तशीच घरात कशी वावरू द्यायची?

१८७८ साली माधवरावांची बदली पुण्याहून नाशिकला झाली. त्या काळचे नाशिक डोळ्यांपुढे आणून पाहा. गंगेकाठी घाट, पंचवटीतली देवळे, गावात वाड्यांच्या दाटीतून जाणाऱ्या अरुंद बोळी. रेल्वे आलेली, पण स्टेशन गावापासून कित्येक मैल लांब. पुण्याच्या त्या भरल्या घराचा पहारा इथे नव्हता, आणि रमाबाईंना प्रथमच मोकळा श्वास घेता आला. घरखर्चाचा हिशेब ठेवण्याची जबाबदारीही माधवरावांनी त्यांच्यावर टाकली. दोन आणि दोन चार होतात हे पाटीवर समजणे वेगळे आणि महिनाअखेरीला रकमा जुळवणे वेगळे, हे ज्या बाईने घर चालवले आहे तिला निराळे सांगायला नको.

लोकहितवादी म्हणून ओळखले जाणारे गोपाळराव हरी देशमुख त्या वेळी न्यायाधीश म्हणून नाशिकलाच होते. हे दोघे सुधारक एकत्र आले म्हटल्यावर नाशिकच्या बायकांना घराबाहेर काढण्याची खटपट सुरू झाली. त्यासाठी त्यांनी निवडलेला मार्ग फार शहाणपणाचा होता. सभा म्हटले असते तर एकही बाई आली नसती. म्हणून हळदीकुंकू. हळदीकुंकवाला बोलावले की यायला कुणाची ना नसते. आल्यावर चार गोष्टी कानावर पडतात, मुलींच्या शाळेचा विषय निघतो. आपल्याकडे पुष्कळ सुधारणा अशाच मागच्या दाराने, हातात कुंकवाची कोयरी घेऊन आल्या आहेत.

त्याच काळात इथल्या शाळेत समारंभ झाला आणि पाहुणी म्हणून रमाबाईंना बोलावणे आले. जाहीर ठिकाणी, पुरुषांच्या देखत, उभे राहून बोलायचे! पाच वर्षांपूर्वी जिला आपले नावही लिहिता येत नव्हते, तिच्यापुढे हा प्रसंग आला. भाषण माधवरावांनी लिहून दिले आणि रमाबाईंनी ते वाचले. कार्यक्रम तेवढाच. पण रमाबाईंचे सार्वजनिक आयुष्य त्या दिवशी नाशिकमध्ये सुरू झाले.

मला या प्रसंगाचा नेहमी विचार पडतो. त्या सभेतही मागे कुणी हसले असेल का? हसले असेल तर त्यात नवल नाही. भाषण तिचे नव्हतेच. शब्द नवऱ्याचे, विचार नवऱ्याचे, बोलावणेही बहुधा नवऱ्याच्या नावामुळे आलेले. आजच्या भाषेत बोलायचे तर ती नुसती नावाची पाहुणी होती. ग्रामपंचायतीत बायकोच्या खुर्चीशेजारी खुर्ची टाकून बसणाऱ्या नवऱ्याला आपल्याकडे सरपंचपती म्हणतात. तसलाच प्रकार म्हणायचा का हा?

याचे उत्तर पहिल्या भाषणात सापडत नाही. ते सापडण्यासाठी पुढची चाळीस वर्षे पाहावी लागतात.

नाशिकहून १८७९ साली माधवरावांची बदली धुळ्याला झाली आणि पुढे हे कुटुंब पुन्हा पुण्याला आले. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. एक संस्कृत जाणणारी बाई पुरुषांपुढे पुराण सांगते, हे पाहायला रमाबाई रानडे जाऊ लागल्या, तेव्हा घरात पुन्हा वादळ उठले. मग मुलींसाठी हायस्कूल हवे ही मागणी पुढे आली. मुलींना प्राथमिक शाळेपुढे जाऊन करायचे काय, असा त्या काळच्या पुण्याचा प्रश्न होता. हिराबागेत सभा भरली, गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन आले आणि मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारे निवेदन रमाबाईंनी चक्क इंग्रजीत वाचून दाखवले. त्या जेमतेम विशीच्या होत्या. घरी परतल्यावर स्वागत कसे झाले असेल ते सांगायला नको. पण १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. हुजूरपागा म्हणून ते आजही चालू आहे.

इथवरही रमाबाई वाचतच होत्या, हे लक्षात घ्या. कागद हातातून सुटलेला नव्हता. १८९३ साली माधवराव हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेले. तिथे बायकांची मंडळे, भेटीगाठी, शिकवण्याचे वर्ग असे रमाबाईंचे काम वाढत गेले. पण लोकांच्या लेखी त्या न्यायमूर्तींच्या पत्नीच होत्या.

१६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव गेले. रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. भाषण लिहून देणारा हात आता नव्हता. पुण्याच्या वाड्यात परतून त्यांनी जवळजवळ एक वर्ष कोंडून घेतल्यासारखे काढले. त्या काळच्या विधवेकडून समाजाची अपेक्षाही तीच होती. ते कोपऱ्यातले बसणे त्यांनी तसेच पुढे चालू ठेवले असते तर कुणी एक शब्द बोलले नसते, उलट कौतुकच झाले असते.

त्या उठल्या. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन स्त्री कैद्यांना भेटू लागल्या. रुग्णालयात आजाऱ्यांची विचारपूस करू लागल्या. आळंदीच्या यात्रेत वारकरी बायकांच्या मदतीला स्वयंसेविका घेऊन जाऊ लागल्या. १९०४ साली मुंबईला भारत महिला परिषद भरली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९०९ साली पुण्यात त्यांच्या राहत्या वाड्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधरांसारखा कसलेला कार्यकर्ता जोडीला होता. विधवा आणि परित्यक्ता बायकांना तिथे शिक्षिका आणि परिचारिका होण्याचे शिक्षण मिळू लागले. रुग्णसेवेला हलके काम मानण्याच्या त्या काळात चांगल्या घरच्या विधवा बाईने दवाखान्यात पाय ठेवायचा म्हणजे आप्तांच्या डोळ्यांत पाणी येई, आणि ते कौतुकाचे नसे. १९१० साली त्यांचे आठवणींचे पुस्तक आले. मराठी गद्यातले ते एक अस्सल लेणे आहे. ज्या बाईचे पहिले भाषण नवऱ्याने लिहिले, तिने नवऱ्याचे चरित्र स्वतःच्या हाताने लिहिले!

आता शाळेच्या कारभाराकडे वळू या, कारण खरा झगडा तिथेच झाला. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे विधेयक रानड्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मांडले. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. मग १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि ज्या नगरपालिकेला सक्ती करायची असेल तिला ती करण्याची मुभा मिळाली. म्हणजे निर्णय आता नगरपालिकेच्या हाती आला. आणि नगरपालिकेत कोण? सगळे पुरुष.

पुण्यात १९२०च्या सुरुवातीला यावरून रान पेटले. सक्ती करायची, पण ती फक्त मुलांना करायची की मुलींनाही? पैसा अपुरा आहे, तेव्हा आधी मुलांचे पाहू, मुलींचे मागाहून, असे एक बाजू म्हणत होती. लोकमान्य टिळकांसारखा पुढारी त्या बाजूला होता. हा मुद्दा अगदीच पोकळ होता असे नाही. शाळांना जागा नव्हत्या, शिक्षिका मिळत नव्हत्या, तिजोरीत खडखडाट होता. दुसऱ्या बाजूला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे आणि रमाबाई होत्या. त्यांचे म्हणणे सरळ होते. मागाहून म्हणजे केव्हा? घरात दोन मुले आणि दोन मुली असतील तर आई ताटे वाढताना मुलींचे मागाहून पाहू म्हणते, आणि मागाहून पातेल्यात काय उरते ते प्रत्येक बाईला माहीत असते.

सभा झाल्या, गोंधळ झाले. बायकांचा मोर्चा निघाला. रस्त्यावर मोर्चा घेऊन जाणाऱ्या बायका पुण्याने त्याआधी फारशा पाहिलेल्या नव्हत्या. त्यांच्या पुढे अठ्ठावन्न वर्षांच्या रमाबाई होत्या. आता हातात कुणी लिहून दिलेला कागद नव्हता. तरीही मुलींना तेव्हाच सामावून घ्या, ही मागणी मान्य झाली नाही. मागणी कितीही रास्त असो, हात वर करायची वेळ आली तेव्हा सभागृहात बाईचा एकही हात नव्हता.

मला वाटते, रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांतले काम समजायला ही गोष्ट पुरेशी आहे. ज्यांच्या मुलींचा प्रश्न आहे त्यांना मतच नसेल तर निवेदने वाचून काय होणार? १९२१-२२च्या सुमारास स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत त्या उतरल्या. बायकांना मत द्यायचे की नाही, हे १९१९च्या सुधारणांनी प्रांतांवर सोपवले होते. १९२१ साली आधी मद्रासने आणि मग मुंबई इलाख्याने तो हक्क दिला. तोही मालमत्तेच्या अटीमुळे मूठभर बायकांनाच मिळाला, आणि कायदेमंडळात बसायला त्यांना १९२६पर्यंत वाट पाहावी लागली. १९२३च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार लोकल बोर्डे आणि नगरपालिका यांच्या स्कूल बोर्डांकडे सोपवण्याची व्यवस्था झाली. शाळा कुठे काढायची, शिक्षक कोण नेमायचे हे आता गावातच ठरणार होते.

याबाबतीत इंग्लंड आपल्यापुढे होते. १८७०च्या कायद्याने तिथे बायकांना स्कूल बोर्डासाठी मत देता येऊ लागले आणि उभेही राहता येऊ लागले. त्याच वर्षी लंडनच्या पहिल्या स्कूल बोर्डावर एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस या दोघी निवडून आल्या. पुढे भारतात येऊन होमरूलची चळवळ चालवणाऱ्या अ‍ॅनी बेझंट १८८८ साली त्याच बोर्डावर निवडून आल्या होत्या. तिथे पार्लमेंटचे मत मात्र बायकांना १९१८ साली मिळाले. म्हणजे बाईला सत्तेच्या घरात पहिला प्रवेश मिळाला तो शाळेच्या दारातून. मुलांचे शिक्षण हा बाईचा प्रांत आहे असे पुरुषांना वाटत होते. बायकांनी त्या समजुतीचा नेमका उपयोग करून घेतला. नाशिकच्या हळदीकुंकवात आणि लंडनच्या स्कूल बोर्डात फरक पुष्कळ आहे, पण युक्ती बरीचशी एकच.

रमाबाई १९२४ साली गेल्या. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. त्यांचे सगळेच काम सर्वांपर्यंत पोहोचले असे मी म्हणणार नाही. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ सालीच मुलींची शाळा काढून जी वाट पाडली होती, ती गरिबांच्या आणि दलितांच्या वस्तीतून जात होती. रमाबाईंचा वावर बहुतेक पांढरपेशांत राहिला. पण १९२० सालच्या त्या झगड्यात त्यांनी मागितले ते हायस्कूल नव्हते, साऱ्या मुलींसाठी सक्तीची प्राथमिक शाळा होती. ही मागणी आपल्या वाड्याबाहेरच्या मुलींसाठी होती.

त्यानंतर किती पाणी वाहून गेले! महाराष्ट्रात १९९० साली स्थानिक संस्थांत बायकांना तीस टक्के जागा मिळाल्या, २०११ साली निम्म्या झाल्या. महापालिकांची शिक्षण मंडळे आली आणि गेली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात असे ठरवले. रमाबाईंनी ज्या खुर्चीसाठी धडपड केली ती आता आपल्या सुनांना कायद्याने मिळते. आणि तरी पहिल्या दिवशी त्या नवऱ्याने लिहून दिलेली चिठ्ठी घेऊनच येतात.

म्हणून हसायचे का? माझ्या मते नाही. चिठ्ठी वाचण्यात लाज नाही. प्रश्न पुढचा आहे. माधवरावांनी भाषण लिहून दिले, पण त्याआधी पाटी दिली होती, हिशेबाची वही दिली होती. लिहून देणारा हात लेखणीही देतो की ती आपल्याच खिशात ठेवतो, यावर सगळे अवलंबून आहे. सरपंचपती आणि माधवराव यांच्यात फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे. आणि बाईनेही ती लेखणी उचलायला हवी. रमाबाईंनी उचलली. टोमणे खात, अबोला सोसत, चाळीस वर्षे.

त्या संध्याकाळी मी आमच्या गल्लीतल्या सुनेला हे सगळे इतके सविस्तर सांगितले नाही. एवढेच सांगितले की, रमाबाई रानड्यांचे पहिले भाषण नाशिकलाच झाले आणि तेही नवऱ्याने लिहिलेले होते. तिला आधी खरे वाटेना. मग ती थोडी हसली आणि दुसऱ्या भाषणाचे काय झाले, असे तिने विचारले. मी तिला आठवणींचे पुस्तक वाचायला दिले.

गेल्या आठवड्यात ती पुस्तक परत करायला आली. सोबत एक वहीचा कागद होता. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही, पाणी दुपारनंतर नसते, असे काही काही समितीच्या बैठकीत मांडायचे तिने लिहून काढले होते आणि ते शुद्धलेखनासाठी मला दाखवायचे होते. ऱ्हस्वदीर्घाच्या सात-आठ चुका होत्या. लाल पेन हातात घ्यायची माझी जुनी सवय जात नाही, पण त्या दिवशी मी ते बाजूला ठेवले. अक्षर तिचे स्वतःचे होते.